स्वस्त मॉडेल रेल्वे इंजिन: पैसे नेमके कुठे वाचवलेत?

ब्रिटनच्या हॉर्नबी कंपनीचं 'फ्लाइंग स्कॉट्समन' हे वाफेचं इंजिन दोन रूपांत विकलं जातं. एक मुख्य मालिकेतलं, दुसरं 'रेलरोड' नावाच्या स्वस्त मालिकेतलं. दोन्ही हिरवीगार, एकाच मापाची, एकाच रुळावर धावणारी. किमतीत मात्र भली मोठी तफावत. फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहणाऱ्या नवख्या माणसाच्या मनात दोनच शंका येतात: स्वस्तातलं इंजिन टाकाऊ आहे, किंवा महागातल्यावर नुसती नावाची किंमत लावली आहे.

दोन्ही शंका बहुतेक वेळा चुकीच्या ठरतात. स्वस्त इंजिन बनवताना कंपनीने कुठेतरी पैसे वाचवलेले असतातच. ते दिसण्यात वाचवले असतील तर इंजिन खुशाल घ्यावं. चालण्यात वाचवले असतील तर ते फुकट मिळालं तरी दोनदा विचार करावा. गोम अशी, की दिसण्यातली काटकसर फोटोत लगेच कळते आणि चालण्यातली कुठल्याच फोटोत येत नाही. पुण्यात कोथरूडचं जोशी रेल्वे म्युझियम बघून आलेली मुलं घरी असं काहीतरी हवं म्हणून हटून बसतात आणि पालक ऑनलाइन दुकानांत शोधाशोध करतात, तेव्हा घोळ होतो तो इथेच.

आधी माप

मॉडेल रेल्वेत दोन आकडे लागतात. पहिला प्रमाणाचा: खऱ्या इंजिनाच्या तुलनेत मॉडेल किती पट लहान आहे. दुसरा गेजचा: दोन रुळांमधलं अंतर. युरोप आणि अमेरिकेत सर्वांत जास्त चालतं ते 'एचओ', म्हणजे १:८७. त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतरावर असतात. १६.५ ला ८७ ने गुणा, १४३५ मिलिमीटर येतात आणि तेच जगभरचं स्टँडर्ड गेज आहे. हिशोब चोख बसतो.

ब्रिटनमध्ये मात्र 'ओओ' चालतं, १:७६. तिथली खरी इंजिनं अंगाने बारीक, त्यामुळे सुरुवातीच्या काळातल्या मोटरी एचओ मापात मावेनात. म्हणून वरचा सांगाडा थोडा मोठा केला आणि खालचे रूळ तेच १६.५ मिलिमीटरचे ठेवले. त्यामुळे ओओ इंजिन एचओच्या रुळावर धावतं. शेजारी एचओ डबे जोडले तर ते किंचित बुटके दिसतात, एवढंच.

भारतीय इंजिनाचं मॉडेल शोधणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. १:८७ मध्ये त्याचे रूळ १९ मिलिमीटरहून थोडे जास्त अंतरावर हवेत. ते बाजारात सहज मिळत नाहीत, म्हणून हौशी लोक भारतीय इंजिनही १६.५ वरच चालवतात आणि समोरून पाहिलं की चाकं जरा आत गेलेली दिसतात. हा दर्जाचा दोष धरू नये. त्यावरून कुणी नाक मुरडत असेल तर मुरडू द्या.

स्वस्त होतं तरी कसं?

प्लास्टिकचा सांगाडा ओतायला पोलादी साचा लागतो आणि मॉडेलचा सर्वांत मोठा खर्च त्या साच्यात असतो. प्लास्टिक स्वतः किरकोळ किमतीचं. साचा एकदा वसूल झाला की त्यातून निघणारं प्रत्येक इंजिन कंपनीला स्वस्त पडतं. हॉर्नबीने २००४ मध्ये इटलीच्या लिमा कंपनीचे साचे घेतले. त्यांतून निघालेली ब्रिटिश डिझेल इंजिनं पुढे रेलरोड मालिकेत आली. आकार जुना, खिडक्यांच्या चौकटी थोड्या जाड, पण खाली हॉर्नबीची मोटर.

दुसरी बचत मजुरीची. महाग मॉडेलवर पकडायचे दांडे, शिट्टी, पाइप हे सगळे वेगळे भाग असतात आणि कारखान्यात माणूस ते हाताने बसवतो. स्वस्त मॉडेलवर तेच दांडे साच्यातच उठावदार रेघ म्हणून येतात. तिसरी बचत रंगाची: बारीक पट्टे आणि सूक्ष्म अक्षरं प्रत्येक रंगासाठी वेगळी छापावी लागतात, ती कमी केली की पैसे वाचतात.

या तिन्ही बचती मला प्रामाणिक वाटतात. दोन हात अंतरावरून धावणारी गाडी बघताना दांडा वेगळा आहे की उठावदार, हे कुणालाही कळत नाही. जर्मनीत झोनेबर्गच्या पिको कंपनीने हाच विचार पुढे नेला. पूर्व जर्मनीच्या काळापासूनचा हा ब्रँड १९९२ मध्ये खासगी हातात गेला आणि त्यांच्या 'हॉबी' मालिकेतली बरीच इंजिनं वरून साधी, वेगळे बसवलेले भाग कमी, पण आत मधोमध मोटर आणि दोन्ही बोगींना गती अशी बांधलेली आहेत. (बोगी म्हणजे इथे चाकांचा संच, डबा नव्हे.) वरचा खर्च कापला, खालचा ठेवला.

उलटा प्रकारही बाजारात असतो. वरून चकाचक रंग, दिवे, आवाज, कधी धूरसुद्धा. आणि आत दोनच चाकांना गती देणारी खेळण्यातली मोटर. खोक्यावर 'वास्तवदर्शी' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं.

इंजिन उलटं करून बघा

पोटाकडून पाहायच्या चार गोष्टी आहेत: मोटर, गिअर, वजन आणि वीज उचलणारी चाकं. चौथीकडे सर्वांत कमी लोक बघतात आणि सर्वांत जास्त त्रास तीच देते.

मोटरपासून सुरू करू. ही १२ व्होल्ट डीसीची छोटी मोटर असते. आत फिरणाऱ्या भागावर तारांची वेटोळी असतात, त्यांना पोल म्हणतात. स्वस्त मोटरीत तीन, चांगल्यात पाच. जत्रेतलं चक्र तीन माणसं आळीपाळीने ढकलत असली तर वेग असताना ते गुळगुळीत फिरतं, पण सावकाश फिरवायला गेलं की दोन ढकलण्यांमधला झटका जाणवतो. पाच माणसं असतील तर झटके लहान होतात. तीन पोलच्या मोटरीचं असंच असतं. भरधाव छान, पण स्टेशनात शिरताना गचके. तरीही एवढ्यावरून इंजिन नापास करू नये. गिअर नीट असतील आणि मोटरीच्या दांड्यावर फ्लायव्हील, म्हणजे जडसं पितळी चाक असेल, तर तीन पोलची मोटरही सभ्यपणे चालते.

जुन्या स्वस्त डिझेल इंजिनांत चपटी मोटर थेट एका बोगीतच बसवलेली असे. गती त्या एका बोगीला, दुसरी नुसती मागे घरंगळणारी. नव्या रचनेत मोटर मधोमध, दोन्ही बाजूंना दांडे आणि सगळ्या आसांना गती. वर्णनात 'सर्व चाकांना गती' असं काही लिहिलं असेल तर ती चांगली खूण आहे.

वजनाचा संबंध ओढण्याशी. चाक घसरू नये म्हणून त्यावर भार हवा. वजन वाढवणं महाग पडतं, म्हणून स्वस्त इंजिनात एकदोन चाकांवर रबराची रिंग चढवतात. पकड वाढते, इंजिन चार डबे जास्त ओढतं. पण रबर वीज वाहत नाही, म्हणजे ते चाक रुळातून वीज उचलण्याच्या कामातून बाद होतं. शिवाय वर्षांनी रबर कडक होतं, तडकतं, रुळावर काळा मळ सोडतं.

आता चौथी गोष्ट. मॉडेल इंजिनात बॅटरी नसते. वीज दोन रुळांतून येते, चाकांतून वर चढते आणि मोटरीला पोचते. डाव्या रुळावरचं किमान एक आणि उजव्यावरचं किमान एक चाक प्रत्येक क्षणी स्वच्छ टेकलेलं असेल तरच गाडी चालते. आठ चाकं वीज उचलत असतील तर एकदोन धुळीवर आली तरी फरक पडत नाही. चारच उचलत असतील आणि त्यांतल्या एकावर रबर असेल, तर गाडी कुठेही थबकते.

याची खरी परीक्षा सांध्यावर होते. सांधा म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा. स्वस्त सांध्यांत दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे प्लास्टिकचा तुकडा असतो, शॉर्टसर्किट होऊ नये म्हणून. तेवढी जागा मृत. लांब इंजिनाची पुढची चाकं मृत जागेवर असली तरी मागची वीज घेत राहतात. आखूड इंजिन मात्र तिथेच बसकण मारतं. हॉर्नबीचं 'स्मोकी जो' हे चार चाकांचं, पाण्याची टाकी अंगावरच वागवणारं चिमुकलं इंजिन कित्येक ब्रिटिश मुलांचं पहिलं इंजिन. मजबूत, गोंडस, पडलं-झडलं तरी चालणारं; आणि सांध्यावर सावकाश नेलं की बोटाने ढकलावं लागणारं. लोक मोटरीला शिव्या देतात, पण खरं कारण चाकांच्या संख्येत आणि इंजिनाच्या लांबीत आहे. म्हणून पहिलंच इंजिन घेत असाल तर सुंदर पण आखूड यापेक्षा साधं पण सहा-आठ चाकांवर वीज उचलणारं घ्या. या लेखातला एकच सल्ला घ्यायचा असेल तर हा घ्यावा.

एक मीटर रूळ आणि मोबाइलचं स्टॉपवॉच

दुकानात, मित्राकडे किंवा पार्सल उघडल्यावर घरी करता येईल अशी चाचणी आहे. सरळ रुळावर एक मीटर मोजून खुणा करा. कंट्रोलरचं बटण इतकं हळू फिरवा की इंजिन जेमतेम हलेल, आणि न थांबता एक मीटर जायला किती वेळ लागतो ते बघा. तीस सेकंद लागली तर खऱ्या मापात तो वेग एचओसाठी ताशी १० किलोमीटरच्या आसपास आणि ओओसाठी ९ होतो. यार्डात डबे जोडताना इंजिन असंच सरकतं. बजेट इंजिनाने हे जमवलं तर आतलं यंत्र उत्तम आहे, वरून कसंही दिसो. पंधरा सेकंदांपर्यंतही ठीक. आठ-दहा सेकंदांहून जास्त वेळ लावणं जमतच नसेल, वेग आणखी कमी केला की थांबतच असेल, तर ते गोलगोल पळवायचं खेळणं आहे असं समजा.

मग पूर्ण वेग. दोन सेकंदांत एक मीटर म्हणजे एचओमध्ये ताशी सुमारे १५७ किलोमीटर आणि ओओमध्ये १३७. एक्स्प्रेसच्या इंजिनाला हे शोभतं. काही स्वस्त चारचाकी इंजिनं एका सेकंदात मीटर कापतात. ओओच्या हिशोबाने ताशी २७४! खरं इंजिन गोदीत आणि कारखान्याच्या आवारात सावकाश हिंडायचं, आणि हे पहिल्याच वळणावर रूळ सोडतं. इतका वेग हे ताकदीचं लक्षण नाही. मोटर आणि चाक यांच्यामधल्या गिअरने मोटरीचा वेग पुरेसा कमी केलेला नाही, असा त्याचा अर्थ.

हीच चाचणी उलट दिशेनेही करा. पुढे गुळगुळीत आणि मागे खडखडाट असेल तर गिअरची बसण सैल आहे. आवाजाकडे कान द्या: एकसारखी गुणगुण चालते, प्रत्येक फेरीला ठरावीक ठिकाणी 'टक्' होत असेल तर कुठलं तरी दातेरी चाक तडकलेलं असण्याची शक्यता मोठी.

चाकांची कड तेवढी बघून घ्या. जुन्या मॉडेलांच्या चाकांना आतून खोल कडा असत. अशी चाकं आजच्या बारीक रुळांवर स्लीपरच्या खिळ्यांना घासत खडखडतात. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर एचओ-ओओला साधारण १४.४ ते १४.५ मिलिमीटर असावं. इंजिन फक्त सांध्यावरच रूळ सोडत असेल तर व्हर्नियर कॅलिपर लावून आधी हे मोजावं. बऱ्याचदा चाक आसावर किंचित सरकवलं की दुखणं संपतं.

'डीसीसी रेडी' म्हणजे डीसीसी आहे ना?

नाही. डीसीसी ही डिजिटल पद्धत. रुळांत कायम वीज असते आणि प्रत्येक इंजिनातली चिप, तिला डिकोडर म्हणतात, आपल्या क्रमांकाची आज्ञा आली तरच हलते. त्यामुळे एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवता येतात. 'रेडी' लिहिलेल्या इंजिनात डिकोडर नसतो, तो खोचायची फक्त जागा असते, ८ किंवा २१ पिनांची वगैरे. डिकोडरचे पैसे वेगळे. स्वस्त इंजिनावर डिकोडरचा खर्च घातला की ते स्वस्त उरत नाही, हे आधीच धरून चाला.

जुन्या साच्याच्या इंजिनात आणखी अडचण. काही मोटरींचा एक ब्रश, म्हणजे फिरणाऱ्या भागाला टेकून वीज पोचवणारा तुकडा, थेट धातूच्या चॅसिसला टेकलेला असतो. तो वेगळा न करता डिकोडर लावला तर डिकोडर जळतो. शिवाय अडकल्यावर जुनी मोटर बराच करंट ओढते आणि या मापाचे बरेच डिकोडर साधारण एक अँपिअरपर्यंतच सोसतात. सुरुवातीला साध्या डीसी कंट्रोलरवर चालवण्यात काही कमीपणा नाही.

'मुलासाठी तर घ्यायचंय, एवढं कशाला बघायचं?'

उलट मुलासाठी जास्त बघायचं. मोठा माणूस थांबलेल्या गाडीचे रूळ पुसत बसेल. आठ वर्षांचं मूल तिसऱ्यांदा गाडी थांबली की उठून जातं. मात्र मुलासाठी बघायच्या गोष्टी वेगळ्या. सुटे बारीक दांडे नकोत, ते पहिल्या आठवड्यात तुटतात. साच्यातच असलेली उठावदार रेघ इथे गुणच ठरते. वीज उचलणारी चाकं भरपूर हवीत. डबे जोडायचा आकडा (हुक) सहज बदलता येईल असा खाचेत बसवलेला हवा, कारण तुटतो तो सर्वांत आधी. आणि रबराच्या रिंगा, ब्रश, आकडे हे सुटे मिळतात का, ते कंपनीच्या यादीत पाहून घ्यावं. सुटे भाग मिळणारं साधं इंजिन वीस वर्षं टिकू शकतं.

'मग थोडे जास्त घालून महागातलंच घेतो, म्हणजे टिकेल'

टिकेलच असं नाही. अमेरिकेच्या लाइफ-लाइक कंपनीची 'प्रोटो २०००' ही त्या काळातली नावाजलेली, तपशीलवार मालिका. पण तिच्यातल्या बऱ्याच डिझेल इंजिनांच्या आसांवरची प्लास्टिकची दातेरी चाकं कालांतराने तडकतात, हे तिकडच्या हौशी लोकांत सर्वांना ठाऊक आहे. जस्ताच्या मिश्रधातूचा प्रश्न याहून वाईट. ओतकामात शिशाची भेसळ राहिली तर वर्षांनी तो धातू आतून फुगतो, वाकतो, भुगा होतो. त्यावर इलाज नाही. वजनदार ओतीव चॅसिस महाग इंजिनांत जास्त असतं, त्यामुळे ही झळ त्यांनाही भरपूर लागली आहे.

म्हणून सेकंडहँड महाग इंजिन स्वस्तात मिळत असेल तर आधी चॅसिसच्या कडेचा जवळून घेतलेला फोटो मागा. केसासारख्या भेगा, मधोमध आलेली कमान किंवा सांगाड्यात न मावणारी टोकं दिसली तर सोडून द्या. 'खोक्यातच ठेवलेलं, कधी चालवलं नाही' या वाक्याला फार भुलू नका. वंगण वाळून घट्ट झालेलं असतं आणि धातू फुगायचा असेल तर तो खोक्यातही फुगतो.

इकडे मागवताना

परदेशातली स्वस्त किंमत इथे येईपर्यंत तशी राहत नाही. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. वर कर आणि टपालखर्च. स्वस्त इंजिनाची आणि महागातल्या इंजिनाची तुलना करायची ती घरपोच किमतीवर, कॅटलॉगच्या किमतीवर नव्हे. टपालखर्च दोघांनाही जवळपास सारखाच पडत असेल तर कधी कधी मधल्या किमतीचं इंजिन जास्त परवडतं.

पूर्ण सेट घेत असाल तर रुळांचा धातू विचारा. पोलादी रूळ स्वस्त, पण मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात गंजतात आणि मग उत्तम इंजिनही अडखळतं. दोष मात्र इंजिनाच्या माथी. निकेल-सिल्व्हर या मिश्रधातूचे रूळ घ्यावेत. अमेरिकेच्या बाजारातल्या बाखमन सेटमध्ये हे ओळखणं सोपं आहे: रुळाखालची प्लास्टिकची गादी काळी असेल तर पोलाद, करडी असेल तर निकेल-सिल्व्हर. त्याच सेटसोबत येणारा अडॅप्टर १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टला तो तसाच लावला तर पहिल्या मिनिटात जळेल. ब्रिटिश आणि जर्मन सेटला ही अडचण नाही, पिन बदलणारा प्लग पुरतो.

पार्सल आलं की आधी खोकं जपून ठेवा. इंजिन डब्यांशिवाय मध्यम वेगात अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे चालवा. नवे गिअर त्यात सरावतात आणि पहिल्या पाच मिनिटांतला खरखराट बऱ्याचदा निघून जातो. गेला नाही तर स्वतः स्क्रू काढू नका, तेलही घालू नका. मीटरची चाचणी मोबाइलवर चित्रित करा आणि परतीची मुदत संपायच्या आत विक्रेत्याला पाठवा.